आगळा वृक्ष कसा पाहावा: आधी दुरून, मग बुंध्याशी, शेवटी मोजपट्टी

एखाद्या अवाढव्य वडापाशी, वसईच्या किल्ल्यातल्या गोरखचिंचेपाशी किंवा देवराईतल्या जुनाट बेहड्यापाशी पोहोचलेली बहुतेक माणसे थेट बुंध्याला जाऊन भिडतात, हात पसरून फोटो काढतात, सोबतच्या कोणाकडून तरी "पाचशे वर्षांचे झाड आहे" असे ऐकतात आणि परत फिरतात. या क्रमात झाड पाहायचे राहून जाते, मोजलेले आकडे चुकतात आणि मुळांवर नाहक पावले पडतात. झाड दुरून पाहणे, मग त्याच्या डेऱ्याबाहेरून, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याबाहेरून, फिरणे, मग बुंध्यापाशी जाणे, आणि हे सगळे झाल्यावर मोजपट्टी काढणे, हा क्रम पाळला तर दोन-अडीच तासांत एका वृक्षाची चांगली ओळख होते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी नोंदही हाती येते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत; ते मागेपुढे करू नयेत.

## तयारी: काय न्यावे आणि केव्हा जावे

सोबत न ताणणारी लांब मोजपट्टी घ्यावी. शिंप्याची दीड मीटरची पट्टी मोठ्या बुंध्याला पुरत नाही आणि तुकड्यातुकड्याने मोजताना प्रत्येक जोडावर चूक वाढते. फायबरची ३० मीटरची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि घेर व विस्तार या दोन्ही कामांना चालते. ती नसल्यास जाड सुतळी चालेल. मात्र नायलॉनची दोरी आणि लोकर ताणली जात असल्याने टाळावी. याशिवाय दीड मीटर लांबीची, दर १० सेंटिमीटरवर आणि १.३७ मीटरवर रंगाने खुणा केलेली काठी, कंपासपेटीतला कोनमापक, दोरा, दोऱ्याच्या टोकाला बांधायला लोखंडी नट, होकायंत्र, दुर्बीण आणि पेन्सिल-वही न्यावी. पावसाळी हवेत शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. एकट्याने जाऊ नये. मोठ्या बुंध्यामागे पट्टी घसरली तर ती पाहायला दुसरा माणूस लागतोच.

ऋतूची निवड झाडावर अवलंबून असते, आणि इथेच पुष्कळांचा बेत फसतो. कांडोळ, म्हणजे गावोगावी ज्याला भुत्या म्हणतात तो, पाहायचा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ योग्य. तेव्हा अंगावर पान नसते आणि पांढरी, कागदासारखी सुटणारी साल उन्हात लांबूनही उठून दिसते. कुसुमाची तांबडी पालवी मार्चच्या आसपास येते आणि थोड्याच दिवसांत हिरवी होते. काटेसावर पानांविना फुलते ती जानेवारी ते मार्चमध्ये. सातविणीचा फुलोरा पावसाळा सरल्यावर येतो आणि त्याचा वास संध्याकाळनंतर दाटतो. गोरखचिंच हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत निष्पर्ण असते, म्हणून तिच्या खोडाचा आकार पाहायचा तर मार्च-एप्रिलमध्ये जावे. तिची मोठी, पांढरी, लोंबती फुले पावसाळ्याच्या तोंडाशी आणि तीही रात्री उमलतात, कारण त्यांच्याकडे वटवाघळे येतात. मे महिन्यात दुपारी गोरखचिंचेला जाऊन "झाड वाळले आहे" असे सांगत परतणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. झाड तेव्हा पूर्ण जिवंत असते.

सावधान: वळवाच्या पावसाची चिन्हे दिसत असतील तर बेत रद्द करावा. माळावरचे एकटे, उंच झाड ही विजेच्या वेळी उभे राहण्याची सर्वांत वाईट जागा आहे.

## टप्पा १: झाड कोणाचे आहे हे आधी विचारणे

झाड कोणाच्या तरी बांधावर, देवळाच्या आवारात, गावकीच्या देवराईत, वनखात्याच्या जमिनीवर किंवा महापालिकेच्या हद्दीत असतेच. शेतातल्या झाडासाठी शेतकऱ्याला, देवराईसाठी गुरवाला किंवा गावातल्या जाणत्यांना आणि राखीव जंगलासाठी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला विचारावे. परवानगी हा केवळ उपचार नाही. झाडाबद्दलची खरी माहिती, म्हणजे कोणती फांदी केव्हा मोडली, वीज कधी पडली, पूर्वी पाणी कुठून यायचे, ही याच माणसांकडे असते.

देवराईचे नियम गावागणिक वेगळे असतात. कुठे चपला बाहेर ठेवतात, कुठे कातड्याची वस्तू आत नेत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. काय चालते आणि काय चालत नाही हे आत जाण्याआधी विचारावे आणि तसेच वागावे. पडलेले फळ किंवा पान ओळखीसाठी उचलायचे असले तरी आधी विचारावे. नकार आला तर जागेवरच फोटो घ्यावा.

## टप्पा २: दुरून पाहणे

झाडाच्या अंदाजे उंचीच्या दीड ते दोन पट अंतरावर थांबावे आणि निदान दहा मिनिटे पुढे जाऊ नये. या अंतरावरून जे दिसते ते बुंध्यापाशी गेल्यावर कधीच दिसत नाही: झाडाचा तोल कोणीकडे आहे, डेरा गोल आहे की एका बाजूने कापल्यासारखा, शेंडा जिवंत आहे की वाळून काटक्या उरल्या आहेत, आणि वाऱ्याची नेहमीची दिशा कोणती. घाटमाथ्यावरची झाडे वाऱ्याच्या पाठीकडे झुकलेली दिसतात. रस्त्यालगतच्या झाडाची तारांकडची बाजू वर्षानुवर्षे छाटलेली असल्याने त्याचा डेरा एकांगी झालेला असतो, आणि तो त्याचा मूळ स्वभाव समजू नये.

वहीत झाडाची बाह्यरेषा काढावी. चित्र चांगले येत नसले तरी काढावी, कारण रेषा काढताना डोळा जिथे थांबतो तिथे पाहण्याजोगे काही असते. आकार निवांत टिपण्याची सवय नसलेला माणूस झाडाच्या केवळ मोठेपणाने दिपतो आणि त्याचे वेगळेपण त्याच्या हातून सुटते.

दुर्बिणीने शेंडा आणि मोठ्या फांद्यांचे खालचे भाग नीट तपासावेत. हे मौजेसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी आहे.

सावधान: फांदीखाली काळपट, अर्धगोल पोळे लटकलेले दिसले तर ते आग्या मोहोळ आहे असे धरावे. उंच काटेसावरी, वड आणि कड्यालगतची झाडे यांवर ती बहुधा असतात. अशा झाडाजवळ धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन हे सगळे निषिद्ध. पोळे खालच्या फांदीवर असेल तर पुढचे टप्पे त्या दिवशी करू नयेत. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून धावत बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे; जागेवर उभे राहून हात झटकू नयेत.

तपासा: डोक्यावर वाळकी, साल गळालेली किंवा तडा गेलेली फांदी आहे का? असल्यास तिच्या खालून जायची वाट बदलावी. वारा नसतानाही अशा फांद्या मोडतात.

## टप्पा ३: डेऱ्याबाहेरून फेरी

आता डेऱ्याच्या कडेच्या थोडे बाहेरून झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारावी. आत शिरण्याची घाई करू नये. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांत आणि डेऱ्याच्या सावलीपलीकडेही पसरलेली असतात; तिथली माती तुडवून घट्ट झाली की तिच्यातली हवा आणि पाणी दोन्ही कमी होतात. एका माणसाने काही बिघडत नाही, पण प्रसिद्ध झालेल्या झाडाखाली आठवड्याला शेकडो माणसे येतात आणि झाड हळूहळू शेंड्याकडून वाळू लागते. म्हणून मळलेली पायवाट असेल तर तीच वापरावी आणि गट मोठा असल्यास दोघांदोघांनी आत जावे.

या फेरीत झाडाच्या चारही बाजू पाहिल्या जातात. वडाच्या बाबतीत ही फेरी सर्वांत महत्त्वाची, कारण पारंब्यांपासून झालेल्या खोडांत मूळ खोड कोणते हे आतून कळत नाही. पारंब्या जमिनीत उतरून जाड होतात आणि कालांतराने मूळ बुंध्याइतक्याच दिसू लागतात. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या महावटाचे मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ साली काढावे लागले, आणि तरीही ते झाड आज हजारो पारंब्यांवर उभे आहे. अशा झाडाला "बुंध्याचा घेर किती?" हा प्रश्न लावता येत नाही. त्याचा विस्तार मोजायचा असतो, आणि तो टप्पा ७ मध्ये येतो.

## टप्पा ४: बुंध्यापाशी

आता जवळ जावे आणि हात लावण्याआधी डोळ्यांनी खालून वर पाहावे. मुळांचे बुंध्याशी असलेले जोड, साल, फांद्या फुटण्याच्या जागा, ढोल्या आणि त्यांत राहणारे जीव, असा क्रम ठेवावा.

साल ही झाडाची सर्वांत भरवशाची आणि सर्वांत दुर्लक्षित ओळख आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खणाखणांची असते. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे टाकणारी असते. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, जे म्हाताऱ्या बुंध्यावर झिजून गेलेले असू शकतात. म्हणून म्हाताऱ्या सावरीवर काटे नाहीत असे पाहून ती सावर नाही असे ठरवू नये. वरच्या फांद्या दुर्बिणीने पाहाव्यात.

पावसाळ्यात याच सालीवर शेवाळ, नेचे आणि आमरी (ऑर्किड) दिसतात. त्या बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाहीत, नुसत्या टेकलेल्या असतात. आमरी काढून घरी नेऊ नये.

सावधान: ढोलीत हात घालू नये आणि टॉर्चचा झोत सतत मारू नये. आत साप, घुबड, पोपटांची पिल्ले किंवा वटवाघळे असू शकतात. बिब्याच्या झाडाच्या चिकाने आणि फळाच्या तेलाने कातडीवर फोड येतात. अनोळखी झाडाची फांदी मोडून चीक पाहण्याची सवय याच कारणाने सोडावी. सालीवर नखाने किंवा चाकूने खूण करू नये. सालीच्या लगेच आतल्या थरातून झाडाचे अन्न वाहते, आणि तो थर सभोवार तुटला तर झाड मरते.

## टप्पा ५: ओळख पक्की करणे

पाने, फळे आणि फांदीवरची रचना अशा किमान तीन खुणा जुळल्याशिवाय नाव लिहू नये. मोबाईलवरील ओळख सांगणारी अॅप सुरुवातीला दिशा दाखवतात, पण एका पानाच्या फोटोवर दिलेले उत्तर अंतिम मानू नये.

नेहमी होणारे दोन घोटाळे इथे सांगतो. पहिला वडाच्या कुळातला. वडाचे पान रुंद, जाड, बोथट टोकाचे आणि फळे जोडीजोडीने येणारी, पिकल्यावर लाल. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते आणि फळे पिकल्यावर काळपट जांभळी होतात. उंबराची फळे खोडावर व जुन्या फांद्यांवर झुपक्यांनी येतात. नांदरुकाचे पान लहान आणि चकचकीत असते व त्यालाही पारंब्या येतात, म्हणून पारंब्या दिसल्या की वड हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. शिवाय ही झाडे एकमेकांवर रुजतात. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेले बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवते आणि वरून मुळे सोडते. त्यामुळे जो एकच भव्य बुंधा वाटतो तो कधी वड आणि पिंपळ मिळून, कधी वडाने वेढलेला ताड असतो. फांद्यांची पाने बाजूबाजूने वेगळी दिसतात का, हे पाहावे.

दुसरा घोटाळा बोटांसारख्या पानांचा. गोरखचिंच, काटेसावर आणि पांढरी सावर या तिन्हींची पाने हाताच्या पंजासारखी असतात. गोरखचिंचेला काटे नसतात, खोड अवाजवी फुगलेले असते आणि लांब देठावर मखमली लव असलेली मोठी फळे लोंबतात. सातविणीची पाने पंजासारखी वाटतात, पण ती स्वतंत्र पाने असून फांदीभोवती एका वलयात आलेली असतात. पान कुठून सुरू होते हे कळण्यासाठी बगलेतला अंकुर शोधावा: तो पानाच्या देठापाशी असतो, पर्णिकेपाशी, म्हणजे पंजातल्या एकेका बोटापाशी, नसतो.

नाव ठरत नसेल तर गावात चालणारे नाव लिहावे आणि जातीची जागा रिकामी सोडावी. चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा चांगली. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि वनस्पतिसंग्रह आहे. महत्त्वाच्या झाडासाठी तिथे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात फोटो दाखवून विचारता येते.

## टप्पा ६: बुंध्याचा घेर

भारतातील वनखाते घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर मोजते. काही देशांत १.३ मीटर धरतात. म्हणून नोंदीत आकड्यासोबत उंचीही लिहावी.

पुढील क्रमाने मोजावे.

१. खुणांच्या काठीने बुंध्यावर १.३७ मीटरची जागा खडूने नव्हे, काठी टेकवून ठरवावी. उतारावर झाड असेल तर चढाकडच्या बाजूने उंची मोजावी.

२. एकाने पट्टीचे शून्याचे टोक त्या जागी धरावे, दुसऱ्याने पट्टी फिरवून आणावी आणि मागच्या बाजूला जाऊन ती खाली सरकलेली नाही हे पाहावे. पट्टी खोडाच्या अक्षाला काटकोनात असावी. झाड कललेले असेल तर पट्टीही त्याच प्रमाणात कलते.

३. बुंध्यावर वेल असेल तर पट्टी वेलीच्या आतून घालावी. वेल कापू नये. तसे करणे शक्य नसेल तर "वेलीसह" असे लिहावे.

४. दोनदा मोजावे. दोन आकड्यांत २ सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

नियम सरळ झाडासाठी सोपा आहे, पण आगळी झाडे क्वचितच सरळ असतात. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या वर आणि खाली समान अंतरावर दोन घेर घेऊन सरासरी काढावी. बेहड्यासारख्या झाडाची मुळे भिंतीसारखी उठलेली असतील तर त्या भिंती संपतात त्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर मोजावे आणि ती उंची लिहावी. मुळांच्या भिंतींवरून पट्टी ओढून मिळालेला घेर हा बुंध्याचा घेर नव्हे, आणि वर्तमानपत्रांत छापले जाणारे अनेक अचाट आकडे असेच निघालेले असतात. खोड १.३७ मीटरच्या खालीच दुभंगले असेल तर प्रत्येक खोड स्वतंत्र मोजून स्वतंत्र लिहावे. बेरीज करू नये.

तपासा: बुंध्यावर उभी खोल चीर खालपासून वरपर्यंत जाते का? जात असेल तर ती एकत्र वाढलेली दोन खोडे असण्याची शक्यता आहे, आणि तसे नोंदीत लिहिणे आवश्यक आहे.

घेरावरून व्यास हवा असेल तर ३.१४ ने भागावे: ६२८ सेंटिमीटर घेर म्हणजे २०० सेंटिमीटर व्यास. तुलनेसाठी केरळमधील परंबीकुलमचा कन्नीमारा साग पाहावा. त्याचा घेर सुमारे साडेसहा ते सात मीटर आहे, आणि सागासाठी तो विलक्षण आहे. वडासाठी किंवा गोरखचिंचेसाठी मात्र तेवढा घेर फार वेगळा मानता येत नाही. मोठेपणा नेहमी त्या जातीच्या मापाने जोखावा.

## टप्पा ७: डेऱ्याचा विस्तार

बुंध्यापासून आठ दिशांना, म्हणजे उत्तर, ईशान्य, पूर्व अशा क्रमाने, डेऱ्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. कड ठरवताना मान वर करून सर्वांत बाहेरच्या पानाच्या अगदी खाली उभे राहावे. हे ठरवायला ओळंबा, म्हणजे टोकाला नट बांधलेला दोरा, उपयोगी पडतो.

क्षेत्रफळ काढताना आठ अंतरांची साधी सरासरी घेऊन तिचा वर्ग करणे ही ठरलेली चूक आहे. आधी प्रत्येक अंतराचा वर्ग करावा, मग त्या वर्गांची सरासरी काढावी आणि तिला ३.१४ ने गुणावे. चार दिशांना २० मीटर आणि चार दिशांना १० मीटर अंतर असेल तर चुकीच्या रीतीने सुमारे ७०७ चौरस मीटर येतात आणि बरोबर रीतीने ७८५. एकांगी डेऱ्यात हा फरक आणखी वाढतो.

पसरलेल्या वडासाठी बुंध्यापासून मोजणे जमत नाही. तिथे कडेने चालत दर पाच-दहा मीटरवर खुंटी न ठोकता दगड ठेवावेत, होकायंत्राने प्रत्येक तुकड्याची दिशा आणि पट्टीने लांबी घ्यावी आणि घरी आलेखाच्या कागदावर आकृती काढून चौकोन मोजावेत. आंध्र प्रदेशातील तिम्मम्मा मर्रिमानू या वडाची १९८९ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली ती डेऱ्याच्या विस्तारासाठी, आणि तो सुमारे दोन हेक्टर आहे. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या वडासारखी झाडे याच रीतीने मोजावीत.

## टप्पा ८: उंची

उंचीत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून दोन वेगळ्या रीतींनी मोजावी.

काठीची रीत. हात सरळ पुढे करून डोळ्यापासून मुठीपर्यंतचे अंतर मोजावे. तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी उभी धरावी. मागे सरकत जावे आणि मुठीशी बुंध्याचा तळ व काठीच्या टोकाशी शेंडा आला की थांबावे. तिथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजे झाडाची उंची. मागे सरकण्याआधी मागची जमीन पाहून घ्यावी. विहीर, बांध आणि रस्ता लक्षात येत नाहीत.

कोनाची रीत. कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि नट बांधून त्याच्या सरळ कडेवरून शेंड्याकडे पाहावे. दोरा ४५ अंशांवर आला की झाडापर्यंतच्या अंतरात डोळ्याची उंची मिळवावी. उतारावर असाल तर चढ-उताराच्या दिशेने न जाता झाडाच्या पातळीत आडवे सरकावे.

मोबाईलवरच्या उंची मोजणाऱ्या अॅपमध्ये कोन कोणताही चालतो, आणि खरा धोका तिथेच आहे. पर्जन्यवृक्षासारख्या पसरट झाडाकडे पाहताना जी फांदी सर्वांत उंच दिसते ती पुष्कळदा डेऱ्याची जवळची कड असते. समजा आपण बुंध्यापासून ३० मीटरवर आहोत, डोळ्याची उंची दीड मीटर आहे आणि १२ मीटर उंचीची फांदी आपल्यापासून फक्त १५ मीटरवर आहे. अॅपला अंतर ३० मीटर सांगितलेले असल्याने ते उंची २२.५ मीटर दाखवते. खरा शेंडा १८ मीटरवर असला तरी तो या फांदीमागे लपलेला राहतो.

यावर उपाय असा की, आधी काटकोनातल्या दोन दिशांनी पाहून खरा शेंडा कुठे आहे ते ठरवावे, त्याच्या बरोबर खालच्या जमिनीवर सोबतीला उभे करावे आणि अंतर बुंध्यापर्यंत न घेता त्या माणसापर्यंत घ्यावे. झाड कललेले असेल तर कल आपल्या डाव्या-उजव्या बाजूला दिसेल अशा ठिकाणाहून मोजावे.

तपासा: दोन रीतींच्या उत्तरांत दहात एकापेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही पुन्हा करावे. नोंदीत "२१ मीटर, काठीची रीत" असे रीतीसह लिहावे; २१.३७ असा आकडा लिहू नये, कारण तेवढी अचूकता या साधनांत नाही.

## टप्पा ९: वयाबद्दल काय लिहावे

घेरावरून वय काढण्याचे कोणतेही एक सूत्र आपल्याकडच्या सगळ्या झाडांना लागू पडत नाही. सागाला दरवर्षी स्पष्ट वलय पडते, म्हणून पडलेल्या सागाचे वय मोजता येते. आपल्याकडच्या बहुसंख्य झाडांत वलये अस्पष्ट किंवा अनियमित असतात. वडाच्या खोडात पारंब्या मिसळतात. गोरखचिंचेचे खोड पाणी साठवते, त्यामुळे त्याचा घेर ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो, आणि जुन्या झाडांत अनेक खोडे जुळून मध्ये पोकळी राहिलेली असते. पर्जन्यवृक्ष तर इतक्या वेगाने वाढतो की त्याच्या बुंध्यावरून शंभरी गाठल्याचा भास होतो.

त्यामुळे वयाऐवजी पुरावा लिहावा. जुना फोटो, देवस्थानाची कागदपत्रे, जमिनीच्या मोजणीचा नकाशा, पाराच्या बांधकामावरचा शिलालेख, आणि "माझ्या आजीच्या लग्नात पंगत याच झाडाखाली बसली होती" अशी आठवण यांतून "किमान इतकी वर्षे" एवढे म्हणता येते. सांगणाऱ्याचे वय आणि त्याने काय पाहिले हे वेगळे लिहावे, ऐकीव काय हेही वेगळे लिहावे. वय जाणण्यासाठी खोडाला भोक पाडणे कधीही करू नये. त्या जखमेतून बुरशी आत शिरते.

## टप्पा १०: फोटो

चार मुख्य दिशांनी पूर्ण झाड, बुंधा काठीसह, साल जवळून, पानाची दोन्ही बाजू, फूल-फळ असल्यास तेही, एवढे फोटो पुरतात. बुंध्याला चिकटून रुंद कोनात काढलेल्या फोटोत खोड फुगते आणि शेंडा आकसतो. मापाच्या नोंदीला तो निरुपयोगी. दूर जाऊन काढलेला एक फोटो पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढता यावा म्हणून उभे राहण्याची जागा खुणेसह लिहून ठेवावी: "विहिरीच्या कठड्यापासून, तोंड पश्चिमेला." वटवाघळांच्या वसाहतीवर आणि घरट्यांवर फ्लॅश मारू नये.

## टप्पा ११: नोंद लिहिणे आणि योग्य हाती देणे

घरी पोहोचण्याआधी, झाडाच्या सावलीबाहेर बसून नोंद पूर्ण करावी. तारीख, गाव व तालुका, जमिनीचा प्रकार, स्थानिक नाव, ठरलेली जात व ती कशावरून ठरली, घेर व तो मोजल्याची उंची, डेऱ्याचे क्षेत्रफळ, उंची व रीत, वयाचा पुरावा, झाडावरचे जीव, आणि झाडाला असलेले धोके ही कलमे हवीत. धोक्यांत खिळे, जाहिरातींचे फलक, बुंध्याला आवळलेल्या तारा व विजेच्या माळा, मुळांवर ओतलेले काँक्रीट, बुंध्याशी पेटवलेला कचरा आणि खोदकाम हे स्पष्ट लिहावे. पार बांधलेला असेल तर बुंध्याभोवती मातीची मोकळी जागा किती उरली आहे तेही मोजावे.

नोंदीची एक प्रत ज्याने परवानगी दिली त्याला द्यावी. शहरी भागातील झाड असेल तर दुसरी प्रत महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला द्यावी. महाराष्ट्राच्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात, जो १९७५ चा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानण्याची तरतूद झाली. तेव्हा टप्पा ९ मध्ये जमवलेला वयाचा पुरावा इथे प्रत्यक्ष कामाला येतो. त्याच कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना अपेक्षित आहे, आणि आपले झाड त्या यादीत बरोबर जातीने व मापाने आहे का हे विचारता येते. ग्रामीण भागात ग्रामपंचायत आणि वनपरिक्षेत्र कार्यालय यांना प्रत द्यावी.

सावधान: चंदनाची, किंवा जंगलातल्या दुर्मीळ झाडांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर देऊ नये. मोबाईलच्या फोटोत स्थान आपोआप नोंदले जाते. पाठवण्यापूर्वी ते बंद करावे. मोहोळ, घुबड किंवा वटवाघळे असलेल्या झाडाबद्दलही हाच नियम पाळावा.

## टप्पा १२: पुन्हा जाणे

एका भेटीत झाड पाहून होत नाही. निष्पर्ण अवस्था, पालवी, फुलोरा आणि पावसाळा, अशा चार वेळी जावे. प्रत्येक भेटीत दुरून पाहण्याचा टप्पा त्याच जागेवरून पुन्हा करावा. उंची आणि विस्तार पाच वर्षांनी एकदा मोजले तरी पुरे. घेर मोजायचा असेल तर तो दरवर्षी त्याच महिन्यात मोजावा, नाहीतर गोरखचिंचेसारख्या झाडात वाढ आणि पाण्याने आलेली फुगवट यांतला फरक कळणार नाही. पानगळ आणि बहर यांच्या आठवडी नोंदी ठेवायच्या असतील तर सीझनवॉच या लोकसहभागाच्या उपक्रमात त्या देता येतात. तिथे निवडलेले झाड वर्षभर पाहायचे असते, त्यामुळे घरापासून चालत जाता येईल असे झाड घ्यावे. शेंडा वाळू लागला, बुंध्यावर कानासारखी बुरशी उगवली, किंवा नेहमीच्या काळात पालवी आली नाही, तर तारखेसह फोटो घेऊन तो आधीच्या नोंदीसोबत वृक्ष प्राधिकरणाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवावा आणि पोच घ्यावी.